मॅरेथॉन जानेवारीत, दुखापत सप्टेंबरात

गणपती संपले की नाशिकमध्ये पहाटे पळणाऱ्यांची गर्दी वाढते. पाऊस ओसरतो, हवा सुखावह होते आणि जानेवारीतली मुंबई मॅरेथॉन डोळ्यांसमोर दिसू लागते. गोल्फ क्लबच्या जॉगिंग ट्रॅकवर चार फेऱ्या मारणारे एकदम गंगापूर रोडने सोमेश्वर आणि पुढे धरणाच्या दिशेने निघतात. नडगी, टाच आणि गुडघ्याची दुखणी सुरू होतात तीही याच दिवसांत. नोंदणी झालेली असते, ऑफिसात आणि सोसायटीत सांगून झालेलं असतं, आणि फिजिओ म्हणतात, "सहा आठवडे पळणं बंद."

नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याच्या धावपटू कविता राऊत यांनी २०१० मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरला कांस्य आणि त्याच वर्षी ग्वांगझूच्या एशियाडमध्ये रौप्य मिळवलं. तेव्हापासून या जिल्ह्यात पळण्यातलं मोठं लक्ष्य बोलून दाखवायला कुणी बिचकत नाही, आणि बिचकूही नये. दुखापत झाली म्हणून ते लक्ष्य सोडायची गरज सहसा पडत नाही. मात्र त्याची तारीख आयोजक ठरवत नाहीत, ती दुखावलेला भाग ठरवतो. काही जण गुडघ्याला पट्टा बांधून आणि गोळी घेऊन प्लॅन तसाच रेटतात, काही जण बूट कपाटात टाकतात. दोघांचंही टाळता येण्यासारखं नुकसान होतं.

दम आधी परततो, हाड मागून येतं

पळणं बंद झालं की पहिली धास्ती असते ती स्टॅमिना जाण्याची. नियमित पळणाऱ्याची ऑक्सिजन वापरण्याची कमाल क्षमता दोन-तीन आठवडे काहीच न केल्यास सुमारे ५ ते ७ टक्क्यांनी घटते, आठ आठवड्यांत साधारण १५ टक्क्यांनी. सुरुवातीची घट मुख्यतः रक्तातला द्रवभाग कमी झाल्याने होते आणि व्यायाम सुरू झाला की तो पटकन भरून येतो. सायकल किंवा तलाव चालू ठेवला, तर यातली बरीचशी घट होतच नाही.

हाडाचं गणित वेगळं आहे. वारंवार ताण पडून हाडात सूक्ष्म भेगा पडल्या की शरीर आधी तो खराब झालेला भाग कुरतडून काढतं. याला सुमारे तीन आठवडे लागतात. त्या जागी नवं हाड भरायला आणि ते कडक व्हायला आणखी तीन महिने किंवा जास्त. म्हणजे दुरुस्ती चालू असतानाच्या पहिल्या महिन्यात ती जागा पूर्वीपेक्षाही कच्ची असते. वेदना मात्र याच काळात विरत जाते. स्लॅब दुसऱ्या दिवशी वरून टणक लागतो, तरी त्याखालचं सेंट्रिंग कुणी काढत नाही. इथे नेमकं तेच विसरलं जातं. दम आहे, पाय हलके वाटतायत, दुखत नाही, म्हणून रविवारी पंधरा किलोमीटर मारले जातात आणि सोमवारी पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरुवात करावी लागते. आधी झालेली दुखापत हेच पुढच्या दुखापतीचं सगळ्यात भरवशाचं भाकीत असतं. बरं वाटायला लागल्यानंतरचे पहिले दोन महिने म्हणूनच सर्वांत जोखमीचे.

नक्की काय दुखतंय?

"पाय दुखतोय" एवढ्यावर प्लॅन बनत नाही. स्नायू, टेंडन आणि हाड या तिघांचे नियम एकमेकांशी जुळत नाहीत.

स्नायू ओढला गेला तर तो क्षण आठवतो: पोटरीत किंवा मांडीच्या मागे एकदम कळ, आणि तिथेच थांबावं लागतं. बरं व्हायला साधारण दोन ते सहा आठवडे. यात फार गुंतागुंत नसते.

टेंडन, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारा चिवट भाग, हळूहळू बिघडतो. टाचेमागचं अकिलीस टेंडन हे नेहमीचं ठिकाण. सकाळी पलंगावरून उतरल्यावर पहिली काही पावलं आखडलेली, पळायला लागल्यावर दहा मिनिटांत बरं वाटतं, संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी पुन्हा ठणका. पूर्ण विश्रांतीने टेंडन शांत होतं, पण भार पेलायला शिकत नाही. "महिनाभर आराम केला, पहिल्याच दिवशी पुन्हा दुखलं" या तक्रारीचं कारण हेच. त्याला औषध म्हणजे मोजून दिलेला भार.

हाडाच्या ताणाची खूण उलटी असते. पळता पळता दुखणं वाढत जातं, शरीर तापल्यावर कमी होत नाही. पुढे चालतानाही जाणवतं, मग रात्री. नडगीच्या आतल्या कडेने पाच सेंटीमीटरहून लांब पट्ट्यात पसरून दुखत असेल तर बहुधा शिन स्प्लिंट (नडगीच्या कडेचा ताण, हाडाची भेग नव्हे). एकाच बोटाने दाखवता येईल अशी जागा दाबल्यावर कळ मारत असेल तर हाडाचा संशय धरावा. इथे एक फसगत नेहमी होते. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत एक्स-रे बऱ्याचदा स्वच्छ येतो, आणि "रिपोर्ट नॉर्मल आहे" म्हणून पळणं चालू राहतं. लक्षणं हाडाची असतील आणि एक्स-रेत काही दिसत नसेल, तर एमआरआय करायचा का, हे अस्थिरोगतज्ज्ञांना स्पष्ट विचारा.

काही जागांबाबत थांबून पाहणं परवडत नाही: जांघेत खोल दुखणं आणि त्या पायावर उभं राहताना ते वाढणं, नडगीच्या समोरच्या बाजूचा टोचणारा बिंदू, पावलाच्या कमानीच्या वर मध्यभागी, करंगळीच्या हाडाच्या मुळाशी. जांघेतलं दुखणं मांडीच्या हाडाच्या मानेचं असू शकतं, आणि ते मोडलं तर शस्त्रक्रियेपर्यंत जातं. पोटरी सुजून गरम लागणं, टाचेमागे 'टप्' आवाज येऊन टाचा उचलता न येणं, पायात बधिरपणा, यांसाठीही त्याच दिवशी डॉक्टर.

यावरून वेदनेचा नियम ठरतो. शून्य ते दहा अशी मोजपट्टी धरा. टेंडनसाठी तीनपर्यंत बिनधास्त, पाचपर्यंत चालवून घेता येतं. अट एवढीच की दुसऱ्या दिवशी सकाळी आखडणं आदल्या सकाळपेक्षा वाढलेलं नसावं आणि आठवड्यागणिक आलेख वर जाऊ नये. हाडासाठी मर्यादा शून्य. 'थोडंसंच दुखतंय' हा हाडाच्या बाबतीत थांबायचा इशारा समजा. टेंडनची सवलत हाडाला लावणं, ही घोडचूक फार जण करतात.

पळणं बंद असलेले आठवडे

या काळात दोन कामं समांतर चालतात, दम टिकवणं आणि दुखऱ्या भागाची ताकद वाढवणं.

दमासाठी खोल पाण्यातलं धावणं सर्वांत जवळचं, कारण हालचाल तीच आणि आदळआपट शून्य. त्र्यंबक रोडचा सावरकर जलतरण तलाव किंवा जवळचा कुठलाही तलाव चालेल. पाय तळाला टेकणार नाहीत एवढं पाणी आणि कमरेला तरंगणारा पट्टा हवा. शरीर किंचित पुढे झुकलेलं, गुडघा वर, टाच मागे. सायकल मारल्यासारखे पाय फिरवू नका. दहा मिनिटं सावकाश, मग एक मिनिट जोरात आणि एक मिनिट हळू असं दहा वेळा, शेवटी पाच मिनिटं सावकाश. पाण्यात हृदयाचे ठोके जमिनीपेक्षा साधारण दहाने कमी दिसतात, म्हणून घड्याळापेक्षा श्वासावर जा. ज्यांना पोहायला येत नाही त्यांनी सायकल घ्यावी: मिनिटाला ८५ ते ९० पेडल, हलका गिअर. अकिलीस दुखत असेल तर पेडलवर चवड्याऐवजी पावलाचा मध्य ठेवा, टेंडनवरचा ओढ लगेच कमी होतो. जांघेचं हाड किंवा तसलीच जोखमीची जागा असेल तर यातलं काहीही डॉक्टरांना विचारूनच.

ताकदीचं काम कंटाळवाणं आहे आणि सगळा फरक तिथेच पडतो. पळताना प्रत्येक पावलाला जमिनीचा धक्का शरीराच्या वजनाच्या दोन ते तीन पट असतो. पोटरीतला खोलवरचा सोलियस स्नायू मात्र वजनाच्या सहा ते आठ पट जोर लावतो. ६५ किलोच्या माणसात हा आकडा ३९० किलोच्या वर जातो. किलोमीटरला हजाराच्या आसपास पावलं पडतात, म्हणजे दहा किलोमीटरमध्ये एका पायाची पाच हजार. नुसतं स्ट्रेचिंग करून पोटरी याला तयार होत नाही.

टाचा उचलण्याचा व्यायाम दोन प्रकारे करा, एकदा गुडघा सरळ ठेवून आणि एकदा गुडघा वाकवून. वाकवल्यावर भार सोलियसवर जातो, आणि नेमका हाच अर्धा भाग लोक गाळतात. तीन सेकंद वर, तीन सेकंद खाली. सुरुवात दोन्ही पायांवर १५ च्या तीन फेऱ्यांनी, मग एका पायावर. १५ सहज जमले की पाठीवरच्या सॅकमध्ये पाच किलो तांदळाची पिशवी टाका, संख्या १२ करा. पुढे दहा किलो, आठ वेळा. आठवड्यातून तीन दिवस, किमान १२ आठवडे. दुखणं टेंडनच्या मधल्या भागात असेल तर पायरीच्या कडेवर उभं राहून टाच खाली सोडता येते. टेंडन टाचेच्या हाडाला चिकटतं, थेट तिथेच दुखणं असेल तर सपाट जमिनीवरच करा, कारण टाच खाली गेली की टेंडन हाडावर दाबलं जातं आणि दुखणं चिघळतं. एकच व्यायाम, पण जागा चुकली तर उलटा परिणाम. हाडाच्या दुखापतीत हा व्यायाम चालणं वेदनामुक्त झाल्यावरच.

खाण्याबद्दल थोडं परखडपणे सांगायला हवं. पळणं बंद म्हणून जेवण निम्मं करणारे हाडाची दुरुस्ती स्वतःच लांबवतात. दिवसाला शरीराच्या वजनाच्या प्रत्येक किलोमागे सुमारे दीड ग्रॅम प्रथिनं आणि १००० मिलिग्रॅम कॅल्शियम पोटात गेलं पाहिजे. पेलाभर दुधात सुमारे ३०० मिलिग्रॅम असतं, १०० ग्रॅम नाचणीच्या पिठात साडेतीनशेच्या आसपास. दूध, दही आणि नाचणीची भाकरी एवढ्यात हिशेब जवळपास पूर्ण होतो. ड जीवनसत्त्व रक्त तपासूनच घ्या. हाड भरत असताना कडक उपवास, मग ते श्रावणी सोमवार असोत की नवरात्राचे नऊ दिवस, या वर्षापुरते बाजूला ठेवावेत असं आमचं स्पष्ट मत आहे. पळणाऱ्या मुलींची किंवा बायकांची पाळी तीन महिने आली नसेल, तर ती 'जास्त व्यायामामुळे असेल' म्हणून सोडून देऊ नका. खर्चाच्या मानाने खाणं कमी पडत असल्याची ती खूण असू शकते आणि हाडं त्याची किंमत मोजतात. स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा, आणि पळताय हे त्यांना आवर्जून सांगा.

परतीची पहिली पावलं

तारीख पाहून पळायला सुरुवात करू नका, या चाचण्या जमल्यावर करा: सलग पाच दिवस ४५ मिनिटं न दुखता भरभर चालणं; एका पायावर टाच २५ वेळा उचलणं (पन्नाशीपुढे १५ ते २० चांगलेच), दोन्ही पायांत फारसा फरक नको; आणि एका पायावर न दुखता दहा उड्या.

मग दिवसाआड पळणं-चालणं. एक मिनिट पळा, दोन मिनिटं चाला, आठ वेळा. ते दोन दिवस नीट गेलं तर दोन मिनिटं पळणं आणि दोन चालणं, सहा वेळा. पुढे तीन आणि दोन, पाच वेळा. मग पाच आणि एक, चार वेळा. नंतर आठ आणि एक, तीन वेळा. शेवटी सलग ३० मिनिटं. प्रत्येक पायरी किमान दोनदा, आठवड्यातून तीन दिवस, म्हणजे सगळं सुरळीत गेलं तर चार आठवडे, आणि एखादी पायरी परत करावी लागली तर पाच.

बिघडतं कुठे? पहिल्याच मिनिटात. एकच मिनिट पळायचं म्हणून माणूस ते जोरात पळतो. आजूबाजूचे पुढे जात असतात, थंड हवेत पाय आपोआप उचलले जातात. वेग असा ठेवा की पूर्ण वाक्य बोलता येईल. वेगाबद्दल इतका आग्रह का, तर हाडावरच्या प्रयोगांतून निघालेल्या अंदाजानुसार दर पावलाचा ताण दहा टक्क्यांनी कमी केला, तर हाड थकण्याआधी जवळपास दुप्पट पावलं सोसतं. उलटही तितकंच खरं. थोडं जास्त अंतर हळू पळणं हाडाला परवडतं, थोडं जास्त जोरात पळणं नाही. याच कारणाने पावलं किंचित छोटी करून मिनिटातली संख्या पाच ते दहा टक्क्यांनी वाढवली, तर गुडघ्यावरचा आणि खुब्यावरचा भार उतरतो. १६० पडत असतील तर १७० करून पाहा, त्याहून एकदम पुढे नको.

जागा निवडताना पहिले सहा आठवडे कृषीनगर किंवा गोल्फ क्लबसारखी छोट्या फेरीची, सपाट जागा धरा. धरणाकडे सहा किलोमीटर गेल्यावर दुखायला लागलं तर परतीचे सहा किलोमीटर त्याच पायावर यावं लागतं. छोट्या फेरीत दोन मिनिटांत गाडीपाशी. फेरीची दिशा जागा मोकळी असेल तेव्हा अधूनमधून बदला, नाहीतर वळणावर एकच पाय ताण खातो. रस्त्याच्या कडेचा उतारही तसाच, एक पाय सतत खाली पडतो. चढ आणि उतार यांचे शत्रू वेगळे आहेत. त्र्यंबक रोडने अंजनेरीकडचे चढ आणि पांडवलेणीच्या पायऱ्या चढणं अकिलीसला आणि पोटरीला जड जातं. पायऱ्या किंवा उतार धावत उतरणं गुडघ्याला आणि नडगीला. अकिलीसवाल्याने म्हणून चढ शेवटी आणावेत, गुडघेवाल्याने उतार.

वाढवताना क्रम हा: आधी वेळ, मग आठवड्यातले दिवस, मग वेग, सर्वांत शेवटी डोंगर. एका आठवड्यात यातली एकच गोष्ट. आठवड्याचं एकूण अंतर दहा टक्क्यांनीच वाढवा हा जुना नियम सगळ्यांना पाठ असतो, पण त्यामागे म्हणावा तसा आधार सापडलेला नाही. जास्त उपयोगी मोजमाप एका दिवसाचं आहे: गेल्या तीस दिवसांतल्या सर्वांत लांब धावेपेक्षा आजची धाव दहा टक्क्यांहून मोठी नको. आठवड्याचा हिशेब जुळवायला रविवारी एकदम मोठी धाव टाकणं, दुखापती बहुतेक तिथून उगवतात.

आता जानेवारीचा हिशेब

समजा सप्टेंबरच्या मध्यावर नडगीच्या हाडाला ताण आल्याचं निदान झालं. सहा आठवडे पळणं बंद, म्हणजे ऑक्टोबर संपला. पाच आठवडे पळणं-चालणं, म्हणजे डिसेंबरचा पहिला आठवडा, आणि सलग धाव पाच किलोमीटरच्या आसपास. इथून दर आठवड्याला लाँग रन, म्हणजे आठवड्यातली सर्वांत लांब धाव, दहा टक्क्यांनी वाढवली तर पाचवरून २१ किलोमीटरला पोचायला १५ आठवडे लागतात, फुलच्या सरावासाठी ३० ला पोचायला १९. दर चौथा आठवडा हलका ठेवला, जो ठेवायलाच हवा, तर अनुक्रमे सुमारे २० आणि २५. जानेवारीच्या तिसऱ्या रविवारपर्यंत हातात असतात सहा-सात आठवडे. फुल सोडाच, हाफसुद्धा या हिशेबात बसत नाही. आठ-नऊ किलोमीटरपर्यंत मजल जाते. दहा किलोमीटरची शर्यत सावकाश पूर्ण करणं, गरज पडेल तिथे चालून, हे या जानेवारीचं प्रामाणिक लक्ष्य.

फुल मॅरेथॉन चार तासांच्या आत, म्हणजे किलोमीटरला ५ मिनिटं ४१ सेकंद, हे लक्ष्य असेल तर ते पुढच्या जानेवारीवर न्या आणि उलट मोजा. डिसेंबरपासून २० आठवडे म्हणजे एप्रिलअखेर २१ किलोमीटर. मार्चपासून नाशिकचं ऊन चढतं, त्यामुळे लाँग रन साडेपाचला सुरू होऊन साडेआठच्या आत संपली पाहिजे. वेगाचं काम सहा आठवडे सलग, विनातक्रार पळून झाल्यावर सुरू करा: आधी सोप्या धावेच्या शेवटी २० सेकंदांचे सहा वेगवान तुकडे, महिनाभराने टेम्पो (सलग, जरा दमवणाऱ्या वेगाची धाव), मग इंटरव्हल (वेगवान तुकडे आणि मध्ये विश्रांती). मे-जून लाँग रन टिकवण्यासाठी, पावसाळ्यात छोटे चढ, आणि सप्टेंबरमध्ये १६ आठवड्यांचा मॅरेथॉन प्लॅन नव्याने. हातात महिना-दोन महिने शिल्लक राहतात, आणि ते लागतातच. ताप येतो, घरात लग्न निघतं, टाच कुरकुरते.

मधल्या काळात लक्ष्याविना पळणं अवघड जातं, म्हणून मोजता येतील अशी छोटी लक्ष्यं वहीत लिहा: एका पायावर २५ टाचा, सॅकमध्ये दहा किलो, सलग तीस मिनिटं, सलग आठ आठवडे एकही धाव न चुकवता. त्या वहीतच रोज तीन आकडे टाका, पळताना दुखणं किती, रात्री किती, सकाळी किती. तिसरा आकडा सर्वांत खरं बोलतो.

पुन्हा दुखलंच तर टेंडनसाठी दोन पायऱ्या मागे या, पळणं पूर्ण थांबवू नका, ताकदीचा व्यायाम चालू ठेवा. हाड असेल तर त्याच जागी थांबा, चालत किंवा रिक्षाने घरी जा, आणि चालताना सलग पाच दिवस अजिबात दुखलं नाही, तरच पुन्हा धावा. आठवड्याभरात शमलं नाही तर परत डॉक्टर.

शर्यतीच्या सकाळी आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक घेऊन उभं राहू नका. गोळी इशारा बंद करते, आणि घामाने पाणी कमी झालेल्या शरीरात मूत्रपिंडावर ताण आणते. निर्णय दहा दिवस आधी घ्या: शर्यतीच्या निम्मं अंतर सावकाश पळा, दुसऱ्या सकाळी एका पायावर दहा उड्या मारा. उड्या न दुखता झाल्या तर जा. झाल्या नाहीत तर बिब (छातीवर लावायचा नंबर) घरीच ठेवा. आणि गेल्यावर वाटेत चाल बदलली, म्हणजे एक पाय वाचवून पळायला लागलात, तर पुढच्या वैद्यकीय मदत केंद्राशी थांबा. वाचवलेल्या पायाचा भार दुसरा पाय उचलत असतो, आणि पुढची दुखापत बहुधा त्या दुसऱ्या पायाची असते.